व्होल्टेज पाहायला आलेल्या मॅडम

माझी सून बॅटरीचा ऑटो चालवते. हे सांगताना काही बायका आवाज खाली करतात, मी करत नाही. तिच्या हाताला चव बेताचीच आहे, भाकरी एका बाजूनं कच्ची राहते आणि सणावारी ती हमखास काहीतरी विसरते. पण ऑटो ती असा चालवते की मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं होत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला जेवढं कळलं तेवढंच इथं लिहिते आहे, आणि ते दोन बायकांविषयी आहे. एक माझी सून, दुसरी आमच्या गावात व्होल्टेज पाहायला आलेली मॅडम.

आमचं गाव देऊळघाटाच्या पुढे, फाट्यापासून आत. बुलढाण्याला जाणारी एसटी सकाळी येते, संध्याकाळची येईल तेव्हा खरी. सुनेनं ऑटो जुनाच घेतला, बॅटरीही जुनी. सकाळी ती दोन खेपा करते. पहिलीत कॉलेजच्या पोरी, दुसरीत भाजीची पोती, दवाखान्याचे लोक, कोर्टात तारीख असलेली माणसं. दुपारी घरी येते तेव्हा बॅटरी संपत आलेली असते. मग अंगणात ऑटो उभा करायचा आणि वायर लावायची. सगळं अडत होतं ते इथं. आमचं घर गावाच्या अगदी शेवटी, विजेची लाइन आमच्याच खांबावर संपते. आमच्यापर्यंत येईस्तोवर विजेत जीव उरत नाही. पंखा फिरतो, वारा येत नाही. दुपारी लावलेली बॅटरी भरायला रात्र व्हायची.

म्हणजे सकाळी ज्या पोरींना ती कॉलेजात सोडून यायची, त्यांना परत आणायला तिला जाता येत नव्हतं. पोरी काळीपिवळीनं यायच्या. काळीपिवळी म्हणजे ती जीप, जी माणसं कोंबून भरल्याशिवाय जागची हलत नाही. कोणाच्या कोपराचा धक्का, कोणाच्या तोंडाचा वास, आणि घरी यायला अंधार. त्या पोरींत माझी नातही होती. त्यांतल्या दोघींचे बाप म्हणायला लागले होते की बारावी झाली की पुरे. सुनेनं त्यांच्या आयांना शब्द देऊन टाकला, "जरा दम धरा. तुमच्या पोरी मी दिवस असतानी घरी आणून घालीन." शब्द दिला आणि बॅटरी भरेना. रोज दुपार कलली की ती अंगणात जाऊन ऑटोतला आकडा पाहायची आणि तशीच आत यायची. मी काही विचारत नसे. आकडा तिच्या तोंडावर दिसायचा.

अशात कळलं की गाड्या चार्ज करायच्या मशिनी बसवणारी कुठलीशी कंपनी गावोगाव माणसं पाठवते आहे. कोणत्या गावात मशीन चालेल, कोण वापरेल, पैसे देऊन वापरेल का, आणि तिथली वीज तेवढा भार सोसेल का, हे पाहून मगच मशीन. सुनेनं फोन करून आमचं अंगण देऊ केलं. अंगण मोठं, रस्त्याला लागून. मोठी मशीन आली तर घटकाभरात बॅटरी भरते, असं तिनं ऐकलं होतं. शिवाय बाहेरच्या गाड्या येणार, जागेचं भाडं मिळणार. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. अंगणातली तुळस कुठं हलवायची हेसुद्धा तिनं ठरवलं होतं.

दसरा होऊन गेला होता. मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळीच देवळाच्या भोंग्यावर आवाज आला. बोलणारा आमच्या भावकीतला, पिठाच्या गिरणीचा मालक आणि ग्रामपंचायतीचा मेंबर.

"सर्व गावकऱ्यांना कळवण्यात येते की आज आपल्या गावात व्होल्टेज पाहाले मॅडम येऊन राह्यल्या. त्या जाईस्तोवर कोणी मोटर लावू नये, कूलर लावू नये, पंखाबी कमीच लावावा. गिरणी बंद राहीन. नळ आज सुटणार नाई. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारच्या घरून चांगल्या कपबशा आणतात आणि भांडखोर आत्याला शेतात पाठवून देतात. गावानं विजेचं तसंच केलं. कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. चांगली वीज दाखवली तर चांगली मशीन मिळेल, एवढा साधा हिशोब. सून तोवर दुसरी खेप घेऊन निघून गेली होती, तिनं भोंगा ऐकला नाही. आणि बायका मात्र जळफळल्या, कारण नळ आमच्याकडे चौथ्या दिवशी येतो आणि आजच यायचा होता.

मॅडम आली ती पेट्रोलच्या स्कूटीवर. पोरगीच होती, चष्मा, पाठीला बॅग, पायात बूट. मला राहवलं नाही.

"काय वो, बॅटरीच्या गाडीचं विचाराले आली अन् सोता पेट्रोलच्या गाडीवर?"

"तुमच्या गावात चार्जिंग नाही ना, आजी," ती हेल्मेट काढत म्हणाली. "येईन कशी, आणि आले तर जाईन कशी?"

उत्तर मला आवडलं. मी तिला खाट टाकून दिली.

अंगणात दहाबारा माणसं जमली. मेंबर सगळ्यांच्या पुढे. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते, म्हणून सगळं ऐकलं. सरकारी माणसं येतात ती विचारतात, तुम्हाला हे पाहिजे का, ते पाहिजे का, आणि आमचे लोक सगळ्याला हो म्हणतात. हो म्हणायला काय जातं? हिनं तसं विचारलंच नाही. ती म्हणाली, "काका, काल तुम्ही कुठे गेला होता? कशावर गेला? परत केव्हा आला? गाडी कुठे उभी केली?" मला आधी वाटलं, पोरगी फार चौकशा करते. मग लक्षात आलं की माणूस उद्याचं काहीही बोलतो, कालचं मात्र तसं बोलता येत नाही. थोड्या वेळात तिला कळून चुकलं की कोण रोज बुलढाण्याला जातो, कोण आठवड्यातून एकदा जातो आणि कोण नुसता पारावर बसतो.

एकाला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "मॅडम, एवढं खोदून काऊन विचारता? लिहा तुम्ही, आमचं अख्खं गाव बॅटरीच्या गाड्या घ्याले तयार हाय."

"लिहिते की. तुम्ही कोणती घेणार?"

"मी? मले गाडी चालवता येत नाई."

सगळे हसले, तीही हसली. पण मग तिनं एकेकाला विचारलं, समजा घेतलीच तर गाडी चार्जिंगला केव्हा लावाल? आणि एकेकानं सांगितलं, केव्हा म्हणजे, घरी आल्यावर, दिवेलागणीला. सगळ्यांचं उत्तर एकच. ते ऐकताना तिचं हसू गेलं. मला तेव्हा कारण कळलं नाही.

मग तिनं मला विचारलं, "आजी, तुमच्या घरी दिवा मंद कधी होतो?"

सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मेंबरनं तर डोळेच मोठे केले. मी म्हटलं, "माहे डोळेच मंद झाले बाई, दिव्याचं काय सांगू?"

मेंबरनं श्वास सोडला. ती पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. मी उत्तर दिलेलं नाही हे तिला कळलं होतं, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. हेही मला आवडलं.

तिच्याकडे चिमट्यासारखं एक यंत्र होतं. ते तिनं आमच्या प्लगला लावलं, आकडा पाहिला, पुन्हा लावून पुन्हा पाहिला.

"लाइनीच्या शेवटच्या घरात एवढं व्होल्टेज? मी अजून कुठे पाहिलं नाही."

"आमचं गावच तसं हाय मॅडम," मेंबर म्हणाला.

ती म्हणाली, असं असेल तर मोठी मशीनसुद्धा इथं चालू शकेल, आणि अंगणही चांगलं आहे. माणसं खूश होऊन चहा प्यायला मेंबरच्या घरी गेली. मॅडमला पण बोलावलं, ती म्हणाली, मागून येते, अजून लिहायचं आहे.

तेवढ्यात सून आली. ऑटो लावला, वायर जोडली, आणि ऑटोतला आकडा पाहत उभी राहिली. रोजचा तिचा अंदाज पक्का. हातपाय धुवून येईस्तोवर आकडा किती सरकतो हे तिला पाठ. त्या दिवशी तो भराभर सरकला. दुसरी कोणी असती तर नाचली असती. ही आत आली आणि चुलीपाशी माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई, गिरणीचा आवाज काऊन नाई?"

"बंद हाय."

"आज तं बाजार हाय. बायका दळण घेऊन येतीन."

"म्हणूनच बंद हाय. नळबी सोडला नाई. तुह्या मशीनसाठी गाव बिनपंख्याचं बसून राह्यलं."

तिनं तांब्या उचलला, पाणी प्यायली. "मॅडम काय म्हणे?"

"मोठी मशीन देतो म्हणे. आपल्याच अंगणात."

तिनं बाहेर ऑटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "मशीन येईन अन् पह्यल्याच दिवशी दिवेलागणीले डीपी जळीन. माहा पह्यला चार्जर असाच गेला होता. मागं डीपी जळली तवा दुसरी येईस्तोवर किती हाल झाले, तुम्हाले मालूम हाय."

डीपी म्हणजे गावाच्या चौकातला ट्रान्सफॉर्मर. तो गेला की गाव गेलं.

"मग सांगतं का तिले?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी कायले म्हणू? ऑटो तुहा, अंगणबी तूच देऊ केलं. सांगशील तं लोक आज शिव्या देतीन, नाई सांगशील तं डीपी जळल्यावर देतीन. शिव्या दोन्हीकडे हाय. तू पाह्य."

ती हातातला तांब्या फिरवत होती. तिला काय सोडावं लागत होतं ते मला पक्कं माहीत होतं: मशीन, भाडं, आणि पोरींच्या आयांना दिलेला शब्द. मी माझ्या सुनेची तोंडावर कधी स्तुती करत नाही, आणि ती माझी करत नाही, आमचं बरं चाललंय. पण ती उठून बाहेर गेली तेव्हा मला वाटलं, आपल्या पोरानं बायको चांगली केली. त्याला स्वतःला हे अजून कळलेलं नाही, तो सोयाबीन काढायला शेतात होता.

"मॅडम, थांबा," सून म्हणाली. "हा आकडा आमचा नाई."

आणि सगळं सांगून टाकलं. भोंगा, गिरणी, नळ. मॅडमनं वही मिटली. मला वाटलं, आता चिडेल, गाडीला किक मारून निघून जाईल. तिनं फक्त पाठीची बॅग पुन्हा खाली ठेवली.

"चांगला आकडा आला की मी दोनदा मोजते," ती म्हणाली. "आज दोनदा मोजून पण फसले. आजी, चहा मिळेल का?"

मी चहा ठेवला. ती सुनेला म्हणाली, "उद्या मला जानेफळला जायचं आहे. खरं काय ते आज संध्याकाळीच बघायला पाहिजे. दिवेलागणीला तुमच्याकडे जास्तीत जास्त जे जे चालू असतं, ते सगळं चालू झालं पाहिजे. कसं करायचं?"

"नळ सोडला की झालं," सून म्हणाली.

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे नळाचं पाणी आपण होऊन वर चढत नाही. प्रत्येक घर नळाला छोटी मोटर लावून ते ओढून घेतं. शेजारणीनं लावली की आपण लावायचीच, नाहीतर आपल्या नळाला नुसती हवा. त्यामुळे पाणी सुटलं की गावातली एकूण एक मोटर एकदमच सुरू होते.

सून पाणी सोडणाऱ्याच्या घरी गेली. त्याची पोरगीही तिच्या ऑटोतून कॉलेजला जाते. तो आधी ऐकेना. सुनेनं नंतर मला जसं सांगितलं तसं लिहिते.

"वहिनी, मेंबर मले खाऊन टाकतीन."

"मेंबरले मी पाहून घेईन. तुह्या पोरीनं आयुष्यभर काळीपिवळीत चेंगरून येवाचं का?"

"नळाचा अन् काळीपिवळीचा काय संबंध?"

"हाय. मागून समजावून सांगते. तू चावी घे."

त्यानं चावी घेतली. त्याला संबंध कळला नव्हता हे नक्की. पण माझ्या सुनेच्या आवाजात असं काही असतं की माणूस आधी उठतो आणि मग विचार करतो.

सूर्य बुडायला आला होता. मॅडम आमच्या प्लगपाशी यंत्र लावून बसली, ऑटोची वायर जोडलेली. आधी वरच्या आळीतून एक बाई ओरडली, "नळ आला वो!" मग दुसरी, मग तिसरी. दिवसभर रिकाम्या हंड्यांकडे पाहत बसलेल्या बायका त्या. भोंग्याचं कोणाला काय पडलं होतं? एका दमात साऱ्या गावातून मोटरींचा घूंऽऽ असा आवाज उठला.

आमचा दिवा आधी पिवळा झाला. मग नारिंगी झाला. मग त्याच्या आतली तार तेवढी दिसायला लागली, विझत्या निखाऱ्यासारखी. पंखा थांबला. ऑटोच्या चार्जरनं दोनदा लाल डोळा मिचकावला आणि तो बंद पडला. मॅडम यंत्रातला आकडा पाहत होती आणि तिच्या तोंडून फक्त "बाप रे" निघालं.

मेंबर गल्लीतून पळत आला. "मोटरी बंद करा! अबे, कोणं सोडलं पाणी? बंद करा म्हणतो ना!"

समोरच्या घरातली बाई दारात येऊन म्हणाली, "तुमची टाकी भरेल असन भाऊजी, आमची नाई. आधी तुमच्या घरची बंद करा, मग आम्हाले सांगा." खरंच त्याच्या घरातूनही मोटरीचा आवाज येत होता. त्याच्या बायकोनं सगळ्यांच्या आधी लावली असेल.

मॅडमनं तोवर यंत्र काढून घेतलं होतं. ती डीपीकडे पळाली. नळाचं पाणी सांडून गल्लीत चिखल झालेला, तिचे बूट घोट्यापर्यंत भरले, तिला त्याची शुद्ध नव्हती. गिरणीच्या भिंतीपाशी, डीपीच्या शेजारी तिनं मोजलं, वाटेतल्या दोन घरांत मोजलं, परत आमच्याकडे येऊन मोजलं. मी आयुष्यात पुष्कळ कामाची माणसं पाहिली. पण काम मनासारखं झालं नाही तरी इतक्या खुशीत करणारं माणूस विरळा. तिनं दुपारी चांगला आकडा पाहिला तेव्हा ती जेवढी खूश होती, त्याहून जास्त हा वाईट आकडा पाहून होती.

मग आमच्या अंगणातच सगळे जमले. ती म्हणाली, "डीपीपाशी अजूनही वीज चांगली आहे. जसजसं टोकाकडे यावं तसतशी मरते. तुमचा नळ जसा आहे, तसंच. पहिल्या घराला पाणी, शेवटच्या घराला हवा."

हे मला लगेच समजलं, कारण नळातही आमचं घर शेवटचंच.

"आणि तुम्ही सगळ्यांनी दुपारी मला सांगितलं की गाडी दिवेलागणीला लावू. याच वेळेला. यात पाचदहा गाड्या टाकून बघा. आणि हे नुसतं तुमच्या गावाचं नाही. सगळ्या राज्यात लोक याच वेळेला घरी येतात, दिवे लावतात, मोटर लावतात. त्यात उद्या गाड्या लागल्या तर वीज आणायची कुठून? दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, तेव्हा ओढणारं कमी. गाडी तेव्हा भरली पाहिजे."

ती असंही म्हणाली की पुढे पुढे उभी असलेली गाडी संध्याकाळी आपली वीज तारेला परतही देईल.

"म्हंजे शेजारणीले पीठ उसनं देल्यावाणी?" मी विचारलं.

"अगदी तसंच, आजी."

"मग परत करतानी मापात कमी देतीन त्याचं काय?"

ती हसली. "त्याचंच मोजमाप सध्या चाललंय. अजून जमलेलं नाही."

जे जमलेलं नाही ते जमलेलं नाही म्हणणारी शिकलेली माणसं मला फार भेटली नाहीत.

मेंबर मात्र धुमसत होता. तो सुनेला म्हणाला, "वहिनी, गावाच्या हातची मशीन घालवली तुम्ही. लय भलं केलं."

"भाऊजी, मशीन गेली, पण डीपी राह्यली."

"काका," मॅडम मध्येच म्हणाली, "तुमच्या गिरणीची भिंत डीपीला लागून आहे ना?"

तिचं म्हणणं असं की मोठी मशीन या गावात आज बसवू नये. पण डीपीजवळ, गिरणीच्या भिंतीवर, साधे दोन-तीन पॉइंट बसवता येतील. दुपारी चालू, दिवेलागणीच्या आधी आपोआप बंद. तिथलं व्होल्टेज चांगलं, म्हणून ऑटोची बॅटरी तीन-चार तासांत भरेल. फक्त त्या वेळात गिरणी बंद ठेवायची.

"अन् माहा धंदा?" मेंबर म्हणाला.

मी म्हटलं, "आज गावाच्या इज्जतीसाठी दिवसभर बंद ठेवलीच होती ना? रोज दुपारी तेवढी ठेव. दळण बायका सकाळीच आणतात."

माणसं हसली. त्याला माझं बोलणं कडू लागलं असेल, पण भिंत आपली आहे हे त्याच्या लक्षात यायला लागलं होतं, तेही मला दिसलं.

जाताना मॅडमनं सुनेला बाजूला घेतलं. कंपनीला गाव तयार आहे की नाही एवढंच कळवायचं असतं, असं ती म्हणाली. "मी लिहिणार आहे की दुपारी तयार आहे, संध्याकाळी नाही. ते मानतील की नाही माहीत नाही. तुमचं अंगण मात्र गेलं. वाईट वाटतं मला."

"जागा कोणाचीबी असू द्या," सून म्हणाली. "माही बॅटरी चार वाजेस्तोवर भरली पाह्यजे."

मग पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. मोठी मशीन दूर हायवेवरच्या एका गावाजवळ बसली, असं लोक सांगत. गावानं सुनेला सोडलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई वाण देता देता म्हणाली, "आमच्या गावाले मशीन येत होती, पण काही लोकायले खरं बोलाची लय हौस." सुनेनं तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "गूळ चांगला हाय." घरी येऊन मात्र ती रडली. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. समजूत घालणं मला जमत नाही. मी त्या दिवशी भाकरी केल्या, तिला करू दिल्या नाहीत. त्या महिन्यात पोरींपैकी एक कॉलेजला यायची थांबली. बापानं शिलाई मशीन आणून दिली तिला. सुनेनं ते नाव पुन्हा काढलं नाही, पण सकाळी त्या घरासमोर ती ऑटो थोडा हळू करायची.

होळीच्या सुमारास दोन माणसं आली आणि त्यांनी गिरणीच्या भिंतीवर पॉइंट बसवले. वर पत्र्याचं छप्पर, खाली एक डबा. दिसायला काही नाही, आपल्या घरातल्या बोर्डाहून थोडा मोठा. मेंबरनं नारळ फोडला आणि पहिला मान स्वतःच्या नव्या बॅटरीच्या स्कूटीला दिला. हो, त्यानं स्कूटी घेतली होती. दुसरा नंबर सुनेचा.

त्या दुपारी मला घरात बसवेना. मी गिरणीपाशी गेले. गिरणी बंद होती, सून ऑटोत मागच्या सीटवर पाय लांब करून झोपली होती. पत्र्याच्या सावलीत मीही बसले. मेंबर दोनदा येऊन आकडा पाहून गेला, जणू बॅटरी त्याचीच. उन्हं कलायला लागली तेव्हा चार्जरचा दिवा हिरवा झाला. मी सुनेला हलवलं.

"झाली वाटते वो."

ती उठली. आकडा पाहिला. वायर काढली, गोळा केली, तोंडावर पाणी मारलं, आणि म्हणाली, "येता का? पोरींले आणाले जाते."

बुलढाण्यात कॉलेजच्या फाटकाबाहेर आम्ही उभ्या राहिलो. पोरी बाहेर आल्या, काळीपिवळीच्या दिशेनं चालायला लागल्या, आणि माझ्या नातीचं लक्ष गेलं. ती तिथूनच ओरडली, "आई! बॅटरी भरली?"

"भरली म्हणूनच आली ना! बसा लवकर."

चौघी आल्या, दप्तरं टाकली. मग गावच्या आणखी दोघी कुठूनशा आल्या, ज्या सकाळी आमच्या ऑटोत नसतात, एसटीनं येतात. जागा पुरेना.

"आजी, तुम्ही कायले आल्या?" एक म्हणाली. "दोन पोरींची जागा तुम्ही एकट्याच खाता."

"मी उतरते, तू चालत ये," मी म्हटलं.

शेवटी एक माझ्या मांडीवर बसली. हाडं दुखली, पण बोलले नाही. देऊळघाट मागे पडलं तेव्हा ऊन चांगलं होतं. गावात शिरताना सुनेनं ऑटो शिलाई मशीनवाल्या घरासमोर थांबवला. हॉर्न वाजवला नाही. नुसती थांबली. आतल्या मशीनचा आवाज बंद झाला. पोरीचा बाप ओट्यावर पान खात होता. त्यानं ऑटोतल्या पोरी पाहिल्या, मग मान वर करून सूर्य पाहिला.

"रोज याच टाइमाले आणता का?" त्यानं विचारलं.

"रोज," सून म्हणाली.

"सकाळी किती वाजता निघाचं?"

सुनेनं वेळ सांगितली आणि ऑटो पुढे काढला.

"आजी," माझ्या मांडीवरची पोरगी म्हणाली, "उद्या तुम्ही घरीच राहा."

मी म्हटलं, राहीन.